याचित वस्तू आणि राष्ट्रीय संग्रह

१

वस्तुसंग्रहालय म्हणजे वस्तू कायमच्या जतन करून ठेवण्याचे स्थान, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती चुकीची नसली तरी अपुरी आहे. संग्रहालयांच्या आवक-जावक नोंदी पाहिल्या म्हणजे असे दिसते, की तेथील वस्तू जितक्या स्थिर भासतात तितक्या त्या नसतात. एका संस्थेची मूर्ती दुसऱ्या संस्थेच्या दालनात काही महिने उभी राहते, एखादी पोथी पाठभेद नोंदविण्यासाठी परगावी जाते, आणि एखाद्या उत्खननातील तुकडे तज्ज्ञाच्या परीक्षणासाठी समुद्रापार पाठविले जातात. वस्तूच्या प्राप्तीचा इतिहास लिहिला जातो, तिच्या या येण्याजाण्याचा मात्र क्वचितच. भारताच्या राष्ट्रीय संग्रहालयाचा जन्म अशाच एका उसनवारीतून झाला. त्या घटनेचे स्वरूप तपासणे व उसन्या वस्तूवरील हक्क कसे टिकतात वा लोपतात हे पाहणे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

या प्रश्नाचा विचार भारतीय व्यवहारशास्त्राने फार पूर्वी केलेला आहे. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात उपनिधीचे, म्हणजे विश्वासाने दुसऱ्याच्या हाती दिलेल्या ठेवीचे, प्रकरण आहे. तेथे सांगितलेला विधी याचित, अन्वाहित, न्यास व निक्षेप यांनाही लागू केला आहे. त्यांपैकी 'याचित' ही संज्ञा येथे विशेष महत्त्वाची होय. कल्याणीच्या चालुक्यांच्या आश्रयास असलेल्या विज्ञानेश्वराने मिताक्षरेत विवाहादी उत्सवांसाठी मागून आणलेली वस्त्रे व अलंकार असा तिचा अर्थ दिला आहे. वस्तू दुसऱ्याची, प्रसंग आपला आणि हेतू चारचौघांत मिरविण्याचा. प्रदर्शनार्थ आणलेल्या उसन्या वस्तूचे याहून नेमके वर्णन करणे कठीण आहे.

या प्रकरणातील तीन तत्त्वे ध्यानात घ्यावयाची आहेत. पहिले असे, की ठेव जशी घेतली तशी परत करावी. स्वेच्छेने तिचा उपभोग घेणारा दंडास पात्र होतो व त्याने ती वृद्धीसह परत करावयाची असते. दुसरे असे, की राजा, दैव अथवा चोर यांच्यामुळे वस्तू गेली तर ठेवणाऱ्यावर भरपाईची जबाबदारी येत नाही. मात्र मालकाने मागितल्यावर न देता पुढे ती नष्ट झाली तर मूल्य व तितकाच दंड द्यावा लागतो. तिसरे तत्त्व कालमर्यादेचे आहे. मालकाच्या डोळ्यांदेखत व त्याच्या मौनात इतराने भोगलेले जंगम धन दहा वर्षांनी मालकास अंतरते, असा सामान्य नियम सांगून स्मृतिकारांनी त्यास अपवाद दिले आहेत. त्या अपवादांत उपनिधीचा समावेश आहे. मनुस्मृतीतही निक्षेप व उपनिधी भोगाने नष्ट होत नाहीत असे प्रतिपादिले आहे. याचिताचा तेथे नावाने उल्लेख नाही. परंतु त्यास उपनिधीचाच विधी लागू असल्यामुळे तेच तत्त्व ओघाने येते, असे म्हणावयास हरकत नाही. सारांश, मागून आणलेली वस्तू कितीही काळ जवळ राहिली तरी केवळ राहिल्यामुळे आपली होत नाही.

१८७२ च्या भारतीय करार कायद्यातील निक्षेपविषयक कलमांत हाच विचार निराळ्या मार्गाने आला आहे. मुदत संपताच किंवा ज्या हेतूने वस्तू दिली तो हेतू साध्य होताच, मालकाने मागण्याची वाट न पाहता ती परत करणे, हे घेणाऱ्याचे कर्तव्य त्या कायद्याच्या १६० व्या कलमात सांगितले आहे. स्वतंत्र भारताचा पहिला मोठा कलासंग्रह उभा राहिला तेव्हा शास्त्राने व कायद्याने घालून दिलेली ही मर्यादा विद्यमान होती.

२

लंडनच्या रॉयल अकॅडमीने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बर्लिंग्टन हाउस येथे हिवाळी प्रदर्शनांची एक मालिका भरविली. १९३० मध्ये इटालियन, १९३१ मध्ये इराणी व १९३५-३६ मध्ये चिनी कलेची प्रदर्शने तेथे झाली. अशा प्रदर्शनाचा सारा डोलारा उसनवारीवर उभा असे. प्रदर्शन भरविणाऱ्या संस्थेच्या मालकीचे त्यात फारसे काही नसे. इतर संग्रहांतून निवडून आणलेल्या वस्तू एकत्र मांडून एका देशाच्या कलेचे संपूर्ण दर्शन घडवावयाचे आणि मग त्या आपापल्या स्थानी परत पाठवावयाच्या, असा क्रम असे.

१९४७-४८ च्या हिवाळ्यात या मालिकेत भारताची पाळी आली. तिचे महत्त्व कळण्यासाठी १९१० मधील एका वादाचे स्मरण ठेवले पाहिजे. त्या वर्षी लंडनमधील एका सभेत सर जॉर्ज बर्डवुड यांनी बुद्धाच्या एका ध्यानस्थ मूर्तीस उकडलेल्या पुडिंगची उपमा दिली व भारतात ललित कला नाही असे मत मांडले. त्यावर तीव्र प्रतिक्रिया उमटली आणि त्याच वर्षी लंडनमध्ये इंडिया सोसायटीची स्थापना झाली. तोवर भारतीय शिल्पांकडे मुख्यतः पुरावस्तू म्हणून पाहिले जात असे. बर्लिंग्टन हाउसच्या दालनांत ती कलाकृती म्हणून मांडली गेली. वस्तू तीच असली तरी ती मागून नेणाऱ्याने तिला निराळा अर्थ दिला.

या प्रदर्शनाची तयारी सत्तांतरापूर्वी सुरू झाली होती. प्रदर्शन भरले तेव्हा सत्तांतर होऊन गेले होते. त्यामुळे एक असाधारण परिस्थिती उद्भवली. ज्या एका देशाच्या कलेचे प्रदर्शन योजिले होते त्याची दोन राष्ट्रे झाली, आणि अधिकृत शीर्षकात भारत व पाकिस्तान या दोन्ही अधिराज्यांचा उल्लेख करावा लागला. इसवी सनापूर्वी २४०० पासून इसवी सन १९४७ पर्यंतचा कालपट या प्रदर्शनाने व्यापला होता. त्या पटाच्या आरंभी येणाऱ्या सिंधू संस्कृतीची मोहेंजोदडो व हडप्पा ही दोन प्रमुख स्थळे मात्र आता पाकिस्तानात गेली होती.

वस्तू कोणाची, हा प्रश्न त्या काळी केवळ तात्त्विक राहिला नव्हता. मोहेंजोदडोच्या उत्खननातील वस्तूंचा मोठा भाग फाळणीच्या वेळी दिल्लीत होता. त्याची दोन राष्ट्रांत समान वाटणी करण्याचे ठरले, आणि समानतेचे तत्त्व इतक्या काटेकोरपणे पाळले गेले की काही अलंकारही तोडून वाटण्यात आले. मोहेंजोदडोची लाल अकीकाच्या लांबट मण्यांची प्रसिद्ध मेखला अशीच दुभंगली व तिचे मणी दोन देशांत विभागले गेले. हिशेब चोख झाला, परंतु जी वस्तू वाटावयाची होती ती त्या हिशेबात शिल्लक राहिली नाही. मालकीचा प्रश्न वस्तूच्या अखंडतेहून मोठा मानला म्हणजे काय होते, याचे हे उदाहरण कायम लक्षात ठेवण्यासारखे आहे.

३

लंडनचे प्रदर्शन संपल्यावर भारतातून गेलेल्या वस्तू परत आल्या. त्या आपापल्या संग्रहालयांकडे रवाना करण्यापूर्वी दिल्लीत एकदा मांडाव्यात असे ठरले. त्याप्रमाणे तत्कालीन गव्हर्नमेंट हाउसमध्ये, म्हणजे आजच्या राष्ट्रपती भवनात, प्रदर्शन भरविण्यात आले. व्हाइसरॉयच्या निवासासाठी बांधलेल्या प्रासादाच्या दालनांत मौर्य, कुषाण व गुप्त काळातील शिल्पे उभी राहिली. नव्या राष्ट्राच्या राजधानीत भारतीय कलेचा असा सलग पट प्रथमच पाहावयास मिळत होता, आणि प्रदर्शनास मोठे यश लाभले.

या यशातूनच पुढचा निर्णय झाला. सर मॉरिस ग्वायर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने मध्यवर्ती राष्ट्रीय संग्रहालयाची योजना मे १९४६ मध्येच तयार केली होती. योजना होती, परंतु संग्रह नव्हता; आता संग्रह समोर होता, परंतु तो उसना होता. हा सुंदर समुदाय विखरू न देता त्यालाच राष्ट्रीय संग्रहाचे बीज करावे असे शासनाने ठरविले. राज्य सरकारे, संग्रहालयांचे अधिकारी व खाजगी संग्राहक यांना आपल्या वस्तू भेट म्हणून किंवा उसन्या म्हणून द्याव्यात अशी विनंती करण्यात आली. बहुतेकांनी उदार प्रतिसाद दिला, असे संग्रहालयाचा अधिकृत वृत्तान्त सांगतो. १५ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते राष्ट्रीय संग्रहालयाचे उद्घाटन त्याच वास्तूत झाले. १९५७ पर्यंत त्याची व्यवस्था पुरातत्त्व खात्याच्या महासंचालकांकडे होती. त्या वर्षी ते शिक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत स्वतंत्र संस्था झाले. जनपथावरील इमारतीची कोनशिला जवाहरलाल नेहरू यांनी १२ मे १९५५ रोजी बसविली, आणि १८ डिसेंबर १९६० रोजी डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांनी त्या इमारतीचे उद्घाटन केले.

या घटनाक्रमाकडे दोन दृष्टींनी पाहता येते. राष्ट्रीय दृष्टीने पाहिल्यास निर्णयाचे समर्थन करणे अवघड नाही. लाहोरचे संग्रहालय, तक्षशिला व सिंधूकाठची प्रमुख स्थळे फाळणीने दूर गेली होती. राजधानीत देशाच्या समग्र कलेतिहासाचे दर्शन घडविणारी संस्था नव्हती. एकेका वस्तूची प्रांतोप्रांती याचना करून तसा संग्रह उभा करण्यास अनेक दशके लागली असती. काळाने आणून दिलेली संधी सोडणे हेही एक प्रकारचे अपयशच ठरले असते.

देणाऱ्या संग्रहालयाच्या दृष्टीने मात्र चित्र निराळे दिसते. त्याने वस्तू दिली ती एका प्रदर्शनासाठी. तो हेतू साध्य झाल्यावर ती परत येणे अपेक्षित होते. प्रत्यक्षात ती दुसऱ्या प्रदर्शनासाठी थांबली आणि त्यानंतर तिच्या भेटीचा प्रस्ताव आला. प्रस्ताव आला तेव्हा वस्तू दिल्लीत, केंद्र शासनाच्या ताब्यात होती. मागणारा, ठेवणारा आणि देणाऱ्या संस्थांवर कमीअधिक अधिकार चालविणारा एकच होता. स्मृतिकारांनी राजा, दैव व चोर हे तीन अपवाद सांगितले, त्यांत राजा हा ठेवणाऱ्याहून निराळा तिसरा पक्ष म्हणून कल्पिला आहे. याचक स्वतःच राजा असेल तर काय, याचे उत्तर त्या वचनात मिळत नाही. संमती मिळाली हे खरे. परंतु वस्तू हातची गेल्यावर दिलेली संमती आणि ती हातात असताना दिलेली संमती यांचे मोल इतिहासकाराने सारखे मानू नये.

याचे मूर्त उदाहरण म्हणजे रामपूर्वा येथील अशोककालीन वृषभशीर्ष. बिहारमधील चंपारण्यात विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातील उत्खननात दोन स्तंभशीर्षे मिळाली. सिंहशीर्ष कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममध्ये राहिले. वृषभशीर्ष राष्ट्रपती भवनात आले आणि ते आजही त्या वास्तूच्या दर्शनी स्तंभांमध्ये उभे आहे. एकाच स्थळाची ही जोडी आज दोन शहरांत आहे. कलकत्त्यास सिंहशीर्ष पुरावस्तू म्हणून अभ्यासले जाते. दिल्लीस वृषभशीर्ष राज्याच्या वैभवाचे चिन्ह झाले आहे.

आणखी एक परिणाम तितकाच महत्त्वाचा आहे. जो संग्रह राष्ट्रीय संग्रहाचे बीज झाला, त्याची निवड मुळात लंडनच्या प्रेक्षकांसाठी झाली होती. समुद्रप्रवासास योग्य आकार, परदेशी रसिकास पटेल असे सौंदर्य आणि कलेच्या इतिहासातील स्थान या कसोट्या त्या निवडीमागे असणे स्वाभाविक होते. भारतीयांनी भारतीयांसाठी राष्ट्रीय संग्रह योजिला असता तर हीच निवड झाली असती असे मानण्यास आधार नाही. उसनवारीबरोबर वस्तू आली तशी निवडणाऱ्याची दृष्टीही आली, आणि वस्तू राहिली तेव्हा ती दृष्टीही काही प्रमाणात राहून गेली.

४

हाच प्रश्न उलट दिशेने पाहण्यास दुसरे एक उदाहरण उपयोगी पडते. सर ऑरेल स्टाइन यांनी मध्य आशियात १९०० पासून केलेल्या मोहिमांना भारत सरकारने द्रव्यसाहाय्य दिले होते. १९०६ ते १९०८ या दुसऱ्या मोहिमेचा खर्च भारत सरकार व ब्रिटिश म्युझियम यांनी तीनास दोन या प्रमाणात उचलला. याच मोहिमेत, १९०७ मध्ये, चीनमधील तुनह्वांगच्या गुहेतील ग्रंथ, चित्रे व वस्त्रे स्टाइन यांच्या हाती आली. या मोहिमांतून भारताच्या वाट्यास आलेल्या वस्तू दिल्लीतील मध्य आशियाई पुरावस्तूंच्या संग्रहालयात ठेवण्यात आल्या व पुढे राष्ट्रीय संग्रहालयाकडे आल्या. परंतु सुमारे ६०० वस्त्रखंड विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाकडे उसने गेले. ते आजही तेथेच आहेत.

या वस्त्रखंडांच्या नोंदीत ते भारत सरकार व भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांच्याकडून उसने घेतल्याचा स्पष्ट उल्लेख केला जातो. साम्राज्य गेले, अनेक पिढ्या बदलल्या, वस्त्रे हलली नाहीत. तरीही कागदावर त्यांचे उसनेपण टिकून राहिले. दिल्लीत अल्पकाळासाठी आलेल्या वस्तू संग्रहाचा भाग झाल्या, आणि लंडनमध्ये कित्येक दशके राहिलेल्या वस्तू पाहुण्याच पाहुण्या राहिल्या. यावरून असे दिसते, की उसनेपण कालावधीवर अवलंबून नसून नोंदीवर अवलंबून असते. भोगाने निक्षेप नष्ट होत नाही हे स्मृतिवचन येथे प्रत्ययास येते; परंतु त्या वचनाचे रक्षण अखेर लेख्यानेच होते.

या उदाहरणात आणखी एक गाठ आहे. भारत ज्या वस्त्रांचा मालक म्हणून नोंदला गेला आहे ती मुळात चीनच्या भूमीतील आहेत. उसने देणाऱ्याचा हक्क निर्विवाद आहे असे गृहीत धरून उसनवारीचा करार होतो. तो हक्क कसा निर्माण झाला याची चौकशी करार करीत नाही. ते काम इतिहासकाराचे आहे.

५

प्रदर्शनार्थ उसनवारीच्या तुलनेत संशोधनार्थ उसनवारीचा स्वभाव निराळा आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे उदाहरण या बाबतीत आदर्श मानावे लागेल. १९१९ मध्ये आरंभ झालेले व १९२५ पासून डॉ. विष्णू सीताराम सुकथनकर यांच्या संपादकत्वाखाली शास्त्रशुद्ध पायावर उभे राहिलेले हे कार्य १९६६ मध्ये पूर्ण झाले. त्यासाठी १२५९ हस्तलिखिते पडताळून पाहण्यात आली. ती शारदा, नेपाळी, मैथिली, बंगाली, देवनागरी, तेलुगू, ग्रंथ व मल्याळम् अशा अनेक लिप्यांतील होती आणि देशाच्या दूरदूरच्या भागांत विखुरलेली होती. काही पोथ्या पुण्यास आणून पाहिल्या गेल्या. त्याचबरोबर शांतिनिकेतन व तंजावर येथे पाठतुलनेची केंद्रे चालविण्यात आली, म्हणजे पोथीने प्रवास करण्याऐवजी अभ्यासक पोथीकडे गेला.

या पद्धतीत देणाऱ्याचे काही उणे झाले नाही. पोथी आपल्या जागी राहिली किंवा परतली, आणि तिचे पाठभेद छापील पानाच्या तळाशी, तिच्या ओळखचिन्हासह, कायमचे नोंदले गेले. स्मृतीच्या भाषेत बोलावयाचे तर येथे ठेव वृद्धीसह परत गेली. ज्या मंदिराने हे केले त्याच्या ताब्यातील मुख्य हस्तलिखितसंग्रह हाही एक न्यासच आहे, ही गोष्ट येथे सांगण्यासारखी आहे. मुंबई सरकारने १९ व्या शतकात ब्यूलर, भांडारकर आदी विद्वानांकरवी जमविलेला व डेक्कन कॉलेजात ठेवलेला संग्रह १९१८ मध्ये मंदिराच्या स्वाधीन करण्यात आला, आणि तो शासकीय संग्रह म्हणूनच ओळखला जातो.

६

स्मृतिकारांच्या तीन अपवादांपैकी दैव व राजा यांची छाया आधुनिक उसनवारीवरही आहे. १९१७ मध्ये पाटण्याजवळ गंगाकाठी सापडलेली दीदारगंजची यक्षी १९८५ मध्ये भारत महोत्सवानिमित्त अमेरिकेस गेली. त्या प्रवासात तिच्या गालाचा टवका उडाल्याचे आढळले व मोठा वाद झाला. शेकडो वर्षे मातीत राहूनही टिकलेल्या पाषाणास काही महिन्यांच्या सन्मानाने इजा व्हावी, ही घटना उसने देणाऱ्या प्रत्येक संस्थेने ध्यानात ठेवावी अशी आहे. वस्तू निघताना व परतताना तिच्या स्थितीचा लेखी अहवाल, विमा, सोबत जाणारा जबाबदार अधिकारी या आजच्या अटी अशाच अनुभवांतून दृढ झाल्या आहेत. राजाच्या भयाचीही तजवीज कायद्याने झाली आहे. उसन्या आलेल्या कलाकृतींवर न्यायालयीन जप्ती येऊ नये यासाठी अमेरिकेने १९६५ मध्ये, तर ब्रिटनने २००७ मध्ये कायदेशीर संरक्षण दिले. भारतात १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी अधिनियमान्वये पुरावस्तू परदेशी नेण्याचा अधिकार केंद्र शासन व त्याने प्राधिकृत केलेली संस्था यांनाच आहे.

महाराष्ट्रात या प्रश्नाकडे सर्वसामान्यांचे लक्ष वेधले गेले ते २०२४ मध्ये. त्या वर्षीच्या जुलै महिन्यात व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील वाघनखे तीन वर्षांच्या मुदतीने साताऱ्याच्या संग्रहालयात आली. सातारा येथे रेसिडेंट असलेल्या जेम्स ग्रँट डफ याच्याशी त्यांचा संबंध सांगितला जातो. ती छत्रपती शिवाजी महाराजांनी वापरलेलीच होत याची खातरजमा करता आलेली नाही, असे लंडनच्या संग्रहालयानेही नमूद केले आहे, आणि त्यावर महाराष्ट्रात अभ्यासकांचा वाद झाला. परंतु येथे महत्त्वाचे ते निराळेच. मुदत आधी ठरली होती, ती जाहीर झाली होती आणि मालकाचा हक्क मान्य करूनच वस्तू आणली गेली. त्यामुळे 'आणली' आणि 'परत मिळविली' यांतील भेद प्रत्येकास तपासून पाहता आला. उसनवारीने वस्तूविषयीची जिज्ञासा जागी केली व त्याबरोबर तिच्या प्रमाणांची चौकशीही.

७

वरील उदाहरणांतून एक निष्कर्ष निघतो. उसनवारी ही संग्रहालयांतील केवळ शिष्टाचाराची बाब नाही. तिच्यामुळे वस्तूचे स्थान, अर्थ व काही वेळा स्वामित्वही बदलते. १९४९ मध्ये राष्ट्रीय संग्रहालय उभे राहिले हे योग्यच झाले. परंतु त्याच्या पायाशी प्रांतिक संग्रहालयांचे एक ऋण आहे आणि ऋण फेडण्याची पहिली पायरी ते मान्य करणे ही होय. वस्तूखालील पाटीवर तिचे प्राप्तिस्थान व काल दिलेला असतो. ती कोणत्या संग्रहातून, कोणत्या वर्षी, भेट म्हणून की उसनी म्हणून आली हेही तेथे दिल्यास प्रेक्षकास तिचा पूर्ण इतिहास कळेल, आणि ज्या गावाने ती दिली त्या गावाचे नाव तिच्याबरोबर राहील.

संशोधकाचे कर्तव्य याहून एक पाऊल पुढचे आहे. मूर्तीचे वर्णन व कालनिर्णय करताना आवक-जावक नोंदवही, मुदतीचा कागद व परतीची पावती हीही इतिहासाची साधने मानली पाहिजेत. ती पाहिल्यावाचून कोणता संग्रह कसा घडला हे सांगता येत नाही, आणि याचित वस्तू केव्हा आपली म्हटली गेली तो क्षण नजरेतून निसटतो.